लिटिगेशन (कोर्टातली वकिली) करायचं असेल तर लॉ कॉलेजात कुठले पेपर : वकिलीची सनद मिळून काही महिने झाल्यावरचा अनुभव

गेल्या महिन्यात माझे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते वकील, पर्वरीला हायकोर्टात अडकले होते आणि इकडे फोंड्याच्या कोर्टात आमच्या एका जमिनीच्या दाव्यात समोरच्या पार्टीचा साक्षीदार लागला होता. मला फक्त हजर राहून क्रॉससाठी (उलटतपासणीसाठी) पुढची तारीख मागायची होती. पण समोरच्या वकिलांनी अॅफिडेव्हिटसोबतचे कागद एक्झिबिट करायला, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवायला घेतले आणि त्यात विक्रीच्या कराराची नुसती झेरॉक्स, ओरिजिनल कुठेय कुणाला पत्ता नाही. मी उठून सांगितलं की मोड ऑफ प्रूफवर, म्हणजे कागद सिद्ध करायच्या पद्धतीवर हरकत आहे, ओरिजिनल हजर नाही आणि ते का नाही हे अॅफिडेव्हिटमध्ये एका ओळीनेही सांगितलेलं नाही. जज मॅडमनी तो कागद एक्झिबिट न करता ओळखीपुरता 'एक्स' म्हणून मार्क केला आणि हरकत नोंदवून घेतली. संध्याकाळी सरांचा फोन, "हे तुला कुणी शिकवलं गो?"

मूट कोर्टच्या (लुटुपुटूच्या खटल्याच्या) पेपरात ट्रायल ऑब्झर्वेशन नावाचा, खरा खटला कोर्टात बसून बघायचा जो भाग असतो ना, त्याच्या वहीने शिकवलं. कॉलेजात असताना कुठला पेपर घेऊ, कुठे इंटर्नशिप करू असं मला पण कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून आता सनद घेऊन बरेच महिने कोर्टात काढल्यावर कशाचा किती उपयोग झाला ते लिहून ठेवते. अभ्यासक्रम सगळ्यांना माहीत आहे, तो परत सांगत बसत नाही.

त्या १०० मार्कांच्या पेपरात ३० मार्क मूटचे, ३० मार्क ट्रायल बघण्याचे, एक सिव्हिल आणि एक क्रिमिनल, ३० मार्क क्लायंटशी बोलणं बघणं, तयारी आणि इंटर्नशिप डायरीचे आणि १० व्हायव्हाचे. सगळी मुलं मूटसाठी रात्र रात्र जागतात आणि ट्रायलची वही सिनियर बॅचकडून घेऊन उतरवून काढतात. मला याचा खरंच राग येतो. फुकटात मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि तीच कॉपी करायची? कोर्ट उघडं असतं, कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं, फी शून्य. मी एक सिव्हिल दावा धरला आणि त्याच दाव्याच्या तारखांना जात राहिले, ईकोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर (केसचा ओळख) नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, त्यालाही पैसे नाहीत. पुरावा सुरू झाला तेव्हा एका म्हाताऱ्या वकिलांनी अशाच एका झेरॉक्सवर तिथल्या तिथे हरकत घेतलेली मी बघितली आणि वहीत लिहून ठेवलं : कागद पुढे केला त्याच क्षणी बोलायचं. घरी येऊन शोधलं तर सुप्रीम कोर्टाचा २००३ चा व्यंकटाचल गौंडरचा निकाल सापडला. कागद मुळातच ग्राह्य नसेल तर हरकत नंतरही घेता येते, पण तो सिद्ध करायची पद्धत चुकीची असेल तर हरकत तेव्हाच घ्यावी लागते, नाहीतर ती सोडून दिली असं धरतात. लेक्चरमध्ये हे एका वाक्यात निघून गेलं होतं.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसशी यावरूनच भांडण झालं. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, ते मान्य, पण अभ्यासक्रमातच असलेल्या ट्रायलला गेलं की त्या दिवशीची गैरहजेरी लावायची हा कुठला न्याय? अर्ज दिला, प्राध्यापकांची सही आणली, कोर्टातून हजर असल्याचं लिहून आणलं, तरी "तसा फॉरमॅट नाही" एवढंच उत्तर. शेवटी मी बाकीच्या लेक्चरना एकही दांडी न मारता हजेरी सांभाळली. ज्यांचं गाव पेडणे नाहीतर काणकोण आहे, बसचे दोन दोन तास जातात, त्यांनी हे कसं करायचं ते ऑफिसने सांगावं.

आता बाकीचे पेपर. एव्हिडन्स (पुराव्याचा कायदा) आणि सीपीसी (दिवाणी दावे कसे चालवायचे त्याचा कायदा) यांना पर्यायच नाही, ते जेवढं कराल तेवढं कमी. एव्हिडन्सला आता दोन्ही कायदे डोक्यात ठेवावे लागतात, कारण १ जुलै २०२४ ला साक्ष्य अधिनियम आला पण त्या दिवशी जे खटले आधीच चालू होते ते १८७२ च्याच कायद्याने चालतात, म्हणून सेकंडरी एव्हिडन्स (ओरिजिनलऐवजी कॉपी वगैरे) जुन्यात कलम ६५ आणि नव्यात ६०, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जुन्यात ६५बी आणि नव्यात ६३. नवीन मुलांनी जुनी बेअर अॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मजकुराचं पुस्तक) रद्दीत टाकू नका, सेकंडहँड मिळाली तर घेऊन ठेवा.

ड्राफ्टिंगच्या पेपराबद्दल माझं मत बदललं. त्यात १५ एक्सरसाइझ प्लीडिंगच्या (कोर्टात द्यायचे कागद) आणि १५ कन्व्हेयन्सिंगच्या (मालमत्तेचे दस्त) असतात. सेल डीड, गिफ्ट डीड हे सगळं ऑफिसात बसणाऱ्या वकिलांचं काम, आपल्याला कोर्टात उभं राहायचंय, असं मला तेव्हा ठाम वाटायचं. पण गोव्यात सिव्हिल कोर्टात आलात की बघाल, दाव्याचं मूळ बहुतेक वेळा डीडच्या शेवटच्या पानावरच्या शेड्यूलमध्ये असतं. पूर्वेला नाला, पश्चिमेला कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) जमीन, आणि सर्व्हे प्लॅनवर बघावं तर नाला दक्षिणेला. डीडवर नवरा बायको दोघांच्या सह्या आहेत का ते पण आधी बघायचं, कारण इथे लग्नानंतर साधारणपणे दोघांची मालमत्ता एकत्र धरतात. ज्याने स्वतः दोन चार डीड लिहिली आहेत त्याला ही गोची लगेच दिसते. त्यामुळे आता कन्व्हेयन्सिंगला पण मी तेवढेच मार्क देईन.

गोव्याच्या फॅमिली लॉचं तर काय सांगू. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चा, आणि वारसाहक्कासाठी आता २०१२ चा वेगळा कायदा आहे, इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारसांमधल्या वाटणीची प्रक्रिया) त्यातच येतं. मृत्युपत्र केलं तरी मुलांचा मालमत्तेतला अर्धा हिस्सा त्यातून काढून घेता येत नाही, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. मुंबई पुण्याच्या नोट्समध्ये हे सापडणार नाही, त्यामुळे कॉलेजात हा विषय असेल तर डोळे झाकून घ्या. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) कायदा पण तसाच, ती मॅटर मामलेदाराकडे चालतात, कधीतरी जाऊन एक सुनावणी बघा, कोर्टापेक्षा वेगळंच वातावरण असतं.

इंटरनॅशनल लॉ, आयपी, कंपनी लॉ वगैरे, आवड असेल तर घ्या, मला अजून तरी कामाला आलेलं नाही.

मूट वाईट नाही. उभं राहून बोलायची भीती जाते, रिसर्च नीट करायची सवय लागते. पण मूटमध्ये फॅक्ट्स छापून हातात मिळतात आणि तालुक्याच्या कोर्टात सगळी लढाई ते फॅक्ट्स सिद्ध करायचीच असते, क्रॉस हा प्रकार मूटमध्ये येतच नाही. म्हणून ट्रॉफीसाठी चौथं वर्ष खर्ची घालू नका असं मी माझ्या मावसभावाला पण सांगितलंय.

इंटर्नशिपला पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे लागतात, तीन वर्षांच्याला १२. माझ्या मैत्रिणी मुंबईच्या फर्मला गेल्या, राहण्याजेवणाचा खर्च घरचा. मी घरचा डबा घेऊन कदंबाच्या बसने मडगावला ट्रायलच्या वकिलांकडे गेले, प्लेंट (दाव्याचा अर्ज) फाईल कशी करतात, ऑब्जेक्शन निघालं की काय करायचं, वकालतनाम्याला स्टॅम्प कुठे लावायचा इथपासून सगळं तिथे शिकले. पैसे वाचले आणि तेच वकील आज माझे सर आहेत. सनदेच्या फीचंही सांगते, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय की जनरल कॅटेगरीकडून ७५० च्या वर एनरोलमेंट फी घेता येत नाही, हे माहीत असू दे. आणि हजारो रुपये भरून जे ऑनलाइन लिटिगेशन सर्टिफिकेट कोर्स विकतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, तेवढ्या पैशात बेअर अॅक्ट आणि बसचा पास येतो.

जज व्हायचंय, वकिली नको, असं म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालापासून सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच पेपराने दिली नाही, ती म्हणजे सीपीसीची ऑर्डर २१. डिक्री मिळाल्यावर ताबा प्रत्यक्षात कसा घ्यायचा, यावर आमच्याकडे जेमतेम एक लेक्चर झालं, वर "परीक्षेला येत नाही" म्हणून सांगितलं. आमच्याकडे एक मौशी येतात, डिक्री हातात घेऊन, घर अजून दुसऱ्याच्याच ताब्यात. त्यांचं एक्झिक्युशन (डिक्रीची अंमलबजावणी) सरांनी आता माझ्याकडे दिलंय, त्यामुळे सध्या रोज रात्री रूल ९७ (ताबा घेताना कुणी अडवलं तर) पासून पुढे वाचतेय. तिसऱ्या चौथ्या वर्षात जे आहेत त्यांनी ट्रायल ऑब्झर्वेशनला नवीन दाव्याबरोबर एक एक्झिक्युशनची केस पण धरा, कॉलेजने सांगितलं नाही तरी.