कॉलेजच्या पोरांचं पालक सत्र: पाचपैकी चार तारे

मुलीच्या गटाने ठेवलंय म्हणून गेलो. एरवी ‘मानसिक आरोग्य’ असा बोर्ड दिसला की मी रस्ता बदलणाऱ्यातला. पुण्यातलं कॉलेज, शनिवार दुपार, दोन तास, फुकट. सगळं पोरंच चालवतात. मानसशास्त्राच्या एक मॅडम मागे बसून असतात, मध्ये बोलत नाहीत.

भाषण नव्हतं, ही पहिली बरी गोष्ट. टेबलावर पुठ्ठ्याची कार्डं उपडी मांडलेली. एक उचलायचं, मोठ्याने वाचायचं आणि हा शब्द आपण शेवटचा कुणाला उद्देशून वापरला ते सांगायचं. ‘स्क्रू ढिला’, ‘भ्रमिष्ट’, ‘डोक्यावर परिणाम’... लोक हसत होते. माझ्या हाती आलं ‘येरवड्याला पाठवा’. (येरवड्याला तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे नक्की कुठे पाठवायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. ठाण्याकडचे लोक हेच ‘ठाण्याला’ म्हणतात.) वाचलं आणि आवाजच बसला.

हे मी माझ्या थोरल्या भावाला म्हटलं होतं, १९९४ साली, तोंडावर. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास होणं, नसत्या गोष्टी खऱ्या वाटणं असा मनाचा आजार. पाहुणे आले की आई मागच्या खोलीला बाहेरून कडी घालायची आणि दादा ‘गावाला असतो’ म्हणून सांगायची. बहिणीचं स्थळ बघणं चालू होतं ना.

समोरच्या मुलीने विचारलं, “काका, ते आता कुठे असतात?” सवयीने तोंडातून निघालं, “गावाला.” मग म्हणालो, “नाही, घरीच असतो. गोळ्या चालू आहेत. सकाळचं दूध तोच आणतो.” माझी लेक कोपऱ्यात हजेरी लिहीत होती. तिने मान वर केली नाही, पण पेन थांबलेलं दिसलं.

भिंतीवरचा एक तक्ता मी दोनदा वाचला. जपानने २००२ साली दादाच्या या आजाराचं नावच बदललं, कारण जुन्या नावाचा अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’ असा होता आणि डॉक्टरसुद्धा ते रुग्णाला सांगायला कचरायचे. दक्षिण कोरियाने नंतर जे नाव घेतलं ते वाद्याच्या तारा जुळवण्यावरून. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द अजून त्या जुन्या वळणाचाच. दादाला मी तो कधी ऐकवलेला नाही.

पोरांना आपली पायरी माहीत आहे, हे मला फार आवडलं. एका बाईंनी मुलाच्या गोळ्या कमी करू का म्हणून विचारलं, तर सरळ “आम्ही डॉक्टर नाही, त्यांनाच विचारा” म्हणाले आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलतात.

मग एकाने २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काढला. शारीरिक आजाराला मिळतं त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमा कंपनीने संरक्षण द्यायचं, असं त्यात आहे. मी विमा एजंट, मला हे पाठ. तरीही गिऱ्हाईक फॉर्म भरताना डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल बोललं की “कशाला लिहिता, ‘नाही’ टाका” असं मीच सांगत आलोय. उद्या क्लेम अडकला तर भोगणार ते. हे तिथे बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

एक तारा का कापला? खोली कँटीनला लागून, दार काचेचं. आत कोण बसलंय ते वडापाव खाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, मग लाजणारा माणूस येणार कसा? घरी न्यायची पत्रकं नुसती इंग्रजीत. माझ्या शेजारच्या आजींनी त्याची घडी घालून वारा घेतला. आणि ते शेवटचं नाटुकलं! पंधरा मिनिटं नुसती रडारड.

पुढचं सत्र महिनाअखेरीला आहे. दादाला विचारलं, येतोस का. म्हणाला, “चहा असतो का?”

असतो. गोड जरा जास्त असतो.