तडकलेले इंजिन कव्हर: टिग वेल्डिंग की इपॉक्सी?

अ‍ॅल्युमिनियमच्या तडकलेल्या कव्हरला इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) लावणे सोपे, कारण उष्णतेने कव्हर वाकण्याची भीती नसते. मात्र बोल्टच्या भोकाजवळ, जिथे ताण आणि कंप दोन्ही असतात, ते फार काळ टिकत नाही. टिग वेल्डिंगचा, म्हणजे टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या ज्वालेने धातू वितळवून केलेला, सांधा धातूशी एकजीव होतो, पण खरी मेहनत त्याआधीची असते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही पुढे, म्हणून हा थर फोडणारा एसी (दिशा बदलत राहणारा) करंट लागतो. ओतीव धातूत मुरलेले तेल आधी काढले नाही, तर वितळलेल्या धातूत काजळी आणि बुडबुडे उठून सांधा सच्छिद्र राहतो. तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडणेही टाळू नये. केवळ तेल झिरपणाऱ्या केसाएवढ्या तड्यासाठी मात्र मी इपॉक्सीच निवडेन.