केबल ठेवायची की वायफाय घ्यायचं? विट्याच्या मावशीला दिलेलं लांबलचक उत्तर

मावशीचा प्रश्न सरळ होता. "केबलवाल्याला सांगू का, आता नको म्हणून? वायफाय घेतलं की सगळं त्यातच दिसतं म्हणे." मावशी विट्याला राहते. घरात ती, काका, बारावीतला मुलगा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर आजीच म्हणतं. फोनवर मी अर्धवट काहीतरी बोलले आणि मग आठवडाभर तेच डोक्यात राहिलं. सांगलीत माझ्या आसपासची निम्मी घरं याच विचारात आहेत.

आधी पैशाचं बघू, कारण ते लवकर उरकतं. फेब्रुवारी २०१९ पासून केबलच्या आणि डीटीएचच्या बिलाचे दोन भाग झाले: एक जोडणीचं शुल्क, दुसरं सशुल्क वाहिन्यांची किंमत. जोडणीच्या शुल्काला १३० रुपयांची मर्यादा होती, ती ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये काढली. पण एक हक्क अजून आपलाच आहे: कुठलीही सशुल्क वाहिनी सुटी मागता येते. बहुतेक घरं केबलवाला देईल ते पॅकेज घेतात आणि कधीच न लावलेल्या वाहिन्यांचे पैसे भरत राहतात. वायफायची पाटी ३९९ रुपयांची असली, तरी १८ टक्के कर धरून हातात बिल पडतं ४७१ रुपयांचं, आणि ते फक्त इंटरनेटचं. ॲपचे पैसे वेगळे.

इथंच मावशीचं "सगळं त्यातच दिसतं" थोडं चुकतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. आजींच्या तीन मालिका तीन वाहिन्यांवर असतील, तर ॲप दोन-तीन लागतील. केबलवर त्या एकाच रिमोटच्या तीन आकड्यांवर आहेत आणि ते आकडे आजींना पाठ आहेत. आणखी एक गोष्ट नीट बघून घ्या. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हाचा सर्वांत स्वस्त प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपयांचा होता, पण तो एका मोबाइलपुरता. असा प्लॅन घेतला की हॉलमधला टीव्ही कोराच राहतो.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. केबलवरच्या रोजच्या मालिकेत आणि ॲपवरच्या वेब सिरीजमध्ये गोष्ट सांगायची तऱ्हाच वेगळी आहे.

रोजची मालिका बघायची कमी आणि ऐकायची जास्त असते, हे मला आजींमुळे कळलं. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. मावशी आत भाकरी थापते, तिचंही लक्ष तव्यावर. तरी दोघींना गोष्टीतलं सगळं माहीत असतं, कारण पात्रं मनातलंसुद्धा मोठ्यानं बोलतात, महत्त्वाच्या वाक्यावर संगीत वाजतं, आणि काल काय झालं ते आज पुन्हा कुणीतरी कुणाला तरी सांगतं. याला लोक नावं ठेवतात. मला मात्र ती घरकाम करणाऱ्या बाईसाठी केलेली सोय वाटते. वेब सिरीजमध्ये मुख्य गोष्ट एखाद्या नजरेत, टेबलावर राहिलेल्या किल्लीत असते. मान वळवली की धागा सुटतो. मावशीच्या मुलाला हेच आवडतं. हेडफोन लावून, खोलीचं दार लोटून तो रात्री चार भाग सलग बघतो. गंमत म्हणजे आठ-दहा भागांत संपणारी गोष्ट आजींना नवी नाही. दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा लागणाऱ्या तेरा भागांच्या मालिका त्यांनी पाहिल्यात. "तवा गोष्ट संपायची," असं त्या म्हणतात.

आता ती संपत का नाही, याचं कारण गुरुवार. कुठली मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि गोष्ट कुठं वळवायची ते त्यावर ठरतं. आकडे चढले की लग्न लांबतं, पडले की मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. वेब सिरीज बहुतेक वेळा पूर्ण चित्रित होऊन मगच समोर येते, म्हणून तिचा शेवट लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेला असतो. नुसत्या गोष्टीच्या दर्जाचा प्रश्न असता, तर मी ॲपच्या बाजूनं उभी राहिले असते.

पण आपल्या भागाचाही विचार मनात येतो. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' सुरू झाली आणि सातारी बोली रोज संध्याकाळी महाराष्ट्रभर ऐकू जाऊ लागली. सातारा-वाई पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणं होतात, तेव्हा वाड्याचं भाडं, जेवणाचे डबे, गाड्या, गर्दीतल्या कलाकारांची रोजी हे सगळं इथल्या माणसांना मिळतं. मालिका रोज चालते म्हणून काम रोज असतं. वेब सिरीजचं युनिट येतं आणि काम आटोपून जातं. शिवाय मराठीत त्या कमीच. ॲप उघडलं की समोर हिंदीची रांग लागते, मराठी शोधून काढावं लागतं. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, त्या गावात राहून मला हे टोचतं.

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहीत असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात. मुलं अभ्यासाला बसतात. सगळं गाव एका वेळी एकच गोष्ट बघत असेल तर भोंग्याला अर्थ आहे. टीव्ही बंद झालेला शेजाऱ्यालाही कळतो. दार लोटून हेडफोन लावलेला मुलगा भोंगा ऐकेल का, याची मला खात्री नाही. उलट बाजूही खरी आहे. दीड तास चुकलेली मालिका ॲपवर साडेआठनंतर निवांत बघता येते, केबलवर पुनःप्रक्षेपणाची वाट बघावी लागते.

पावसाचं थोडक्यात. पाटण-महाबळेश्वरकडे डीटीएच जुलैत हमखास रुसते, कारण दाट पाऊस उपग्रहाचा सिग्नल अडवतो. वायफाय घरात आणणाऱ्या फायबरला पावसाचं काही नाही, पण रस्ता खोदला की तार जाते. क्रिकेट लाइव्ह बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ॲप काही सेकंद मागे असतं. शेजारी विकेट पडून ओरडा होतो, तेव्हा आपल्याकडे बॉलर अजून धावतच असतो.

ज्यांना सह्याद्री आणि बातम्या पुरतात, त्यांनी दोन्हींच्या नादी न लागता दूरदर्शनची डीडी फ्री डिश बसवावी. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. त्यावर खासगी वाहिन्यांना जागा लिलावानं मिळते, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते.

तर मावशी, तुझ्यासाठी असं. वायफाय घे, पोराच्या अभ्यासाला ते लागणारच आहे. केबल मात्र तोडू नको. केबलवाल्याला घरी बोलव, पॅकेज बंद करायला सांग, आणि आजी बघतात त्या वाहिन्या सुट्या घे. ॲप एकच घे, तेही वर्षाचे पैसे न भरता, आणि टीव्हीवर चालतं का ते विचारून. तू एकटी असतीस, किंवा घरात सगळे चाळिशीच्या आतले असते, तर केबल आजच काढ म्हणाले असते. आजींच्या रिमोटला मात्र हात लावू नका.