मुठी आधी काढा: जुन्या घडणीच्या ऑप्टिमस प्राइमचा दीड वर्षाचा अनुभव

ऑप्टिमस प्राइम म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या गोष्टीतला नायक, ट्रकचा रोबो होणारा. त्याच्या 1984 च्या खेळण्याची ही जपानी रीइश्यू, म्हणजे जुन्याच घडणीत पुन्हा काढलेली आवृत्ती आहे. खोक्यावर नाव ‘कॉन्वॉय’, कारण जपानमध्ये तो याच नावाने ओळखला जातो. कोकणपट्टीतल्या हवेत, दोन पावसाळे धरून अठरा महिने वापरल्यावर मत पक्कं झालंय: ट्रान्सफॉर्मर्सची गोष्ट आवडत असेल तर एक तरी जुन्या घडणीचा ऑप्टिमस हाताळायलाच हवा. नुसता कपाटात उभा करण्यासाठी घेणार असाल, तर याहून देखणे आणि कितीतरी लवचिक ऑप्टिमस आज मिळतात. याची खरी मजा ट्रकचा रोबो आणि रोबोचा ट्रक करण्यात आहे.

उंची साधारण 15-16 सेंटीमीटर. काही भाग धातूचे असल्यामुळे हाताला वजन जाणवतं. ट्रक चपट्या तोंडाचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर केबिन असलेला. आपल्याकडच्या हमरस्त्यांवर अशी तोंडं सगळ्यांच्या नजरेतली आहेत. छातीवरच्या दोन खिडक्या म्हणजे ट्रकची पुढची काच, खाली चकचकीत जाळी, दोन्ही खांद्यांवर उभी धुराडी.

रोबोचा ट्रक करताना पहिलं काम मुठी काढण्याचं. त्या सुट्या असतात, खुंटीने मनगटात बसतात, आणि या खेळण्याचा सर्वांत जास्त हरवणारा भागही त्याच. मूठ तिरकी करून ओढू नका. चिमटीत धरून थोडी डावीउजवीकडे फिरवत सरळ बाहेर घ्या. बंदूक द्यायची असेल तेव्हा मूठ हाताबाहेर असतानाच तिच्या भोकात दांडा बसवा आणि मग मूठ मनगटात घाला. बसलेल्या मुठीत बंदूक कोंबली की सगळा जोर मनगटाच्या बारीक खुंटीवर येतो आणि वर्षभरात तिच्या बुडाशी पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे प्लास्टिक ताणलं गेल्याची खूण, तुटण्याच्या आधीची पायरी.

मुठींनंतर डोकं छपराखाली आत, मग हात वळवून केबिनच्या मागच्या कुशीत आणि शेवटी पाय मागे. हा क्रम मोडला तर काहीच जुळत नाही. पाय मागे गेले की ट्रकचा मागचा सांगाडा तयार होतो. दोन्ही पाय एकमेकांना नीट चिकटलेत का हे बघितल्याशिवाय ट्रेलर जोडू नका. मध्ये केसभर फट राहिली तर ट्रेलरची खुंटी तिरकी बसते आणि वळवताना ट्रेलर सुटतो. सरावाने हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. आजच्या मास्टरपीस (संग्राहकांसाठीच्या बारकाईच्या मालिकेतल्या) दर्जाच्या ऑप्टिमसला माहितीपत्रक उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून तो वर्षातून दोनदा हलतो. हा रोज हलतो.

मुद्रांची अपेक्षा मात्र ठेवू नका. धावणारा, गुडघा टेकलेला, कमरेतून वळलेला ऑप्टिमस इथे मिळणार नाही. हात थोडे हलतात आणि पठ्ठ्या ताठ उभा राहतो, बस. मला हा दोष वाटत नाही. मूळ घडण करणाऱ्यांनी सगळी बुद्धी रूपांतरात घातली आणि ती आजही तितकीच चोख वाटते.

ट्रेलर उघडला की खरा खजिना दिसतो. मागचं दार खाली पडून उतार होतो, भिंती बाजूला होतात, आत जोडहात असलेला दुरुस्तीचा ड्रोन आणि रोलर नावाची सहा चाकांची निळी गाडी. ड्रोनच्या आत नीट पाहिलं तर एक बैठक आहे. रोलरवरही बसायची जागा आहे. मात्र खोक्यात बसणारा कुणीच नाही. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी द्यायचं राहिलं.

राहिलेलं काही नाही, ती जुनी खूण आहे. हे खेळणं मुळात ट्रान्सफॉर्मर्सचं नव्हतंच. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेत ते 1983 मध्ये ‘बॅटल कॉन्वॉय’ म्हणून आलं. त्या मालिकेत रोबो सजीव नव्हते, ती माणसांनी चालवायची यंत्रं होती. चालक जेमतेम 3 सेंटीमीटरचे, पायात चुंबक, प्रमाण 1:60. पुढे अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने डायाक्लोन आणि ताकाराच्याच मायक्रोमॅन मालिकांमधली खेळणी एकत्र करून 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स उभं केलं आणि यंत्रांनाच जीव दिला. चालक गेले, त्यांच्या जागा साच्यात तशाच राहिल्या. रिकामी बैठक बघताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच प्लास्टिकमध्ये दिसतात. नव्या घडणीच्या कुठल्याही ऑप्टिमसमध्ये हे मिळत नाही, आणि रीइश्यूच घ्या असं आग्रहाने सांगण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच.

जीव दिला तो मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या लेखक-संपादकांनी. सुरुवातीचा आराखडा जिम शूटरचा, ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनी ओ’नील यांचं, आणि बहुतेक पात्रांची नावं, स्वभाव, उणिवा लिहिल्या बॉब बुडियान्स्की यांनी. त्या पहिल्या काळातलं ऑप्टिमसचं वर्णन ट्रेलर समोर ठेवून वाचावं. त्यात तो एकटा नाही, तिघांचा मिळून एक आहे: स्वतः ऑप्टिमस म्हणजे मेंदू, रोलर म्हणजे टेहळणी करणारा, आणि ट्रेलर म्हणजे लढाईचा तळ. एकाला इजा झाली तर उरलेल्या दोघांना ती जाणवते. रोलर 1,200 मैल, म्हणजे सुमारे 1,930 किलोमीटर दूरवर जाऊन काम करू शकतो. मुंबईहून कोलकात्याला रस्त्याने जायचं तर साधारण एवढंच अंतर पडतं. कार्टूनमध्ये रूपांतर झालं की ट्रेलर कुठे नाहीसा होतो, हा चाहत्यांचा जुना वाद आहे. हे वर्णन वाचलं की कळतं, तो नाहीसा होणारा डबा नव्हताच, त्याच्या शरीराचाच भाग होता. म्हणून हा ऑप्टिमस ट्रेलरशिवाय सुटा विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

1984 च्या अमेरिकी खोक्यामागे प्रत्येक पात्राचा गुणांचा आलेख असे, लाल ठिपक्यांच्या जाळीखाली दडवलेला. सोबतची लाल पारदर्शक पट्टी धरली की लाल जाळी विरते आणि खालची रेघ गडद होऊन वर येते. अशा खोक्याची चांगली छापील प्रत हाती आली तर पट्टीची गरज नाही, आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद दुहेरी घडी करून ठेवला तरी आकडे दिसतात. ऑप्टिमसला ताकद, बुद्धी, चिवटपणा, हुद्दा, धैर्य आणि कौशल्य यांत दहापैकी 10 आहेत, पण वेग आणि मारा यांत 8. सर्वांत मोठा नायक सर्वांत वेगवान नाही, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं आहे.

आता हवेचा भाग. समुद्राजवळ राहणाऱ्यांना खरी अडचण इथेच येते.

पहिला पावसाळा सुरू होऊन महिना झाला तेव्हा ट्रेलरच्या बाजूच्या पट्ट्यांचे कोपरे उचलले गेले. स्टिकर आपल्यालाच लावायचे असतात, म्हणून हा लावणाऱ्याच्या हाताचा आणि दमट हवेचा परिणाम. लावण्याआधी ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. स्टिकर चिमट्याने धरा, बोटाचा तेलकटपणा गोंदाला मारतो. एका टोकाकडून दुसरीकडे कापसाच्या काडीने दाबत जा. पावसाळ्यात लावूच नका, कोरड्या दिवसांसाठी ठेवा. उचललेला कोपरा बसवायला टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच पांढरा फेव्हिकॉल पुरतो. दाबून वर बटर पेपर, त्यावर हलकं वजन, एक रात्र. इन्स्टंट ग्लू इथे वापरू नका. त्याची वाफ आजूबाजूला पांढरट थर सोडते, आणि खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर तो बसला तर निघत नाही.

धुराड्यांवरची चमक म्हणजे प्लास्टिकवर निर्वात पेटीत चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर. रूपांतर करताना बोटं नेमकी धुराड्यांना लागतात आणि वर्षाअखेर कडा पिवळट-करड्या दिसू लागतात. हात खांद्यापाशी धरून वळवायची सवय लावली की झीज थांबते. स्पिरीट, काच पुसायचा फवारा, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही त्या थराला लावू नये, थर सुटून येऊ शकतो. मेकअपचा मऊ ब्रश कोरडाच फिरवा, तेवढं बास.

टायर रबराचे आहेत. अशा मऊ रबरातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर पडतो, आणि रबर महिनोनमहिने एखाद्या प्लास्टिकला टेकून राहिलं तर तिथे चिकट खड्डा पडू शकतो. म्हणून ट्रक रंगवलेल्या किंवा प्लास्टिकच्या फळीवर उभा ठेवू नका, खाली काच किंवा जाड कागद घ्या. धातूच्या भागांवर रंगाखाली फोड आलेला दिसला तर समजा ओल आत शिरली. फोड फोडू नका, आधी हवा कोरडी करा.

त्यासाठी सिलिका जेल. दोन फूट उंचीच्या बंद काचपेटीत 100 ग्रॅम, शक्यतो रंग बदलणारं केशरी. ते हिरवं पडलं की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये दर तीन आठवड्यांनी हे करावं लागलं, डिसेंबरात गरजच पडली नाही. शेजारी छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा 45 ते 55 टक्क्यांत राहील असं बघा. उन्हाची तिरीप पेटीवर पडू देऊ नका. ट्रेलरचं फिकट करडं प्लास्टिक पिवळं पडायला सुरुवात झाली की पूर्ववत करणं कटकटीचं असतं.

रोज फिरवल्याने सांधे सैल होतात का? होतात, थोडे. बाराव्या महिन्याच्या सुमारास उजवा हात बंदुकीच्या वजनाने खाली येऊ लागला. उपाय सोपा आहे. रंगहीन नेलपॉलिशचा एक पातळ थेंब सांध्याच्या फटीत सोडा आणि वाळेपर्यंत दर दोन मिनिटांनी सांधा हलवत राहा. हलवला नाही तर तो जागीच चिकटतो आणि पुढच्या वेळी जोर लावल्यावर पिन नाही, प्लास्टिक तुटतं. उलट सांधा घट्ट वाटत असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. गंज सोडवायचे पेट्रोलियमवाले फवारे मारू नका, त्यांनी काही प्लास्टिकना बारीक चिरा जातात.

स्क्रू उघडायची वेळ आली तर साधा फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर टाळा. जपानी खेळण्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात, फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही आणि खाच गोल होते. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. हलकासा ‘कट्ट’ लागला की तो जुन्या आट्यात उतरलेला असतो, मग सुलटा. असं केलं नाही तर प्रत्येक वेळी प्लास्टिकमध्ये नवीन आटे कापले जातात आणि चौथ्या-पाचव्या वेळी स्क्रू नुसता फिरत राहतो.

यावरून पुढे जुनी खेळणी जमवायचा नाद लागणाऱ्यांसाठी एक सूचना. चमकी मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक असलेले काही जुने रोबो, उदाहरणार्थ 1988 चा जपानी ब्लॅक झारक, कितीही जपले तरी कालांतराने ठिसूळ होतात. चाहते याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. त्यावर इलाज नाही, हलवायचे नाहीत एवढंच. ऑप्टिमसमध्ये ते प्लास्टिक नाही, म्हणून तो निर्धास्त फिरवता येतो.

विकत घेताना धुराडी बघा. 2002 च्या अमेरिकी रीइश्यूत सुरक्षेसाठी ती आखूड केली होती. चालतो तोही, पण रोबोची खांद्यावरची रेषा बिघडते, म्हणून लांब धुराड्यांचाच शोधा. नकला भरपूर आहेत. कंपनीची साच्यातली मोहोर नसणं, पिना बाहेर डोकावणं, वजन हलकं लागणं, चमकीवर ढगाळ डाग, या त्यांच्या खुणा. परदेशातून मागवणार असाल तर कराचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. स्वतःसाठी मागवलेल्या एखाद्या पार्सलला वेगळा दर लागू शकतो, म्हणून कुरिअरवाल्याकडून आकडा लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

पार्सल आलं की व्हिडिओ चालू ठेवून खोकं उघडा आणि आधी सुटे भाग मोजा: दोन मुठी, बंदूक, रोलर, इंधनाची नळी आणि तिचं टोक, रॉकेटं माहितीपत्रकावरच्या यादीप्रमाणे. नळीचं टोक नखाएवढं असतं आणि पिशवीच्या कोपऱ्यात अडकून बसतं, पिशवी फेकण्याआधी उलटी करून झटका.