एसएच७७५ रेग्युलेटर: दिवाळीनंतर बसवला, पावसाळा सरत आल्यावर लिहितोय

मोटरसायकल जुनी, ६५० सीसीची, दोन सिलिंडरची. तक्रार नेहमीचीच, बॅटरी उतरते. गॅरेजमध्ये मीटर लावला की १४.२ व्होल्ट यायचे आणि मिस्त्री म्हणायचा, "चार्जिंग ओके आहे साहेब, बॅटरीच बदला." पण तो मीटर लागायचा थंड गाडीला. ताम्हिणी चढून गेल्यावर, आर आर युनिटला (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलचा एसी करंट डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) हात लावता येत नाही अशा वेळी मोजलं, तर ४००० आरपीएमला जेमतेम १३. त्यामुळे ज्यांना चार्जिंगची शंका आहे त्यांनी अर्धा-पाऊण तास गाडी पळवावी आणि मगच मीटर काढावा. थंड असताना सगळीच युनिटं शहाण्यासारखी वागतात.

मूळ युनिट शंट जातीचं होतं. आपल्या गाड्यांच्या मॅग्नेटमध्ये (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) कायमचं चुंबक असतं, कारच्या अल्टरनेटरसारखं फील्ड, म्हणजे चुंबकाचा जोर, कमी-जास्त करायची सोय नाही. इंजिन फिरलं की कॉइल प्लेट (मॅग्नेटमधली तारेची गुंडाळी) करंट देणारच. शंट रेग्युलेटर नको असलेला करंट शॉर्ट करून परत कॉइलमध्येच फिरवतो. गाडीला दहा अँपिअर लागोत नाहीतर वीस, कॉइलमधून पूर्ण करंट वाहतच राहतो आणि ती भाजत राहते. कॉइल वाचावी म्हणून दिवसा हेडलाइट बंद ठेवणारे बरेच भेटतात. शंट असेल तर त्याने कॉइलला काडीचा फायदा होत नाही, उलट उरलेला करंट रेग्युलेटरच्या डोक्यावर बसतो. (एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, तो वाद तिथेच मिटला.)

एसएच७७५ हा शिंडेन्गेन या जपानी कंपनीचा, सिरीज जातीचा, ३५ अँपिअरचा. गरज भागली की हा कॉइलची वाटच तोडतो, शॉर्ट करत नाही. त्यामुळे कॉइलवर भार पडतो तो गाडीला लागेल तेवढाच. याच कंपनीचा एफएच०२०एए हा मॉसफेटचा (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) रेग्युलेटर पुष्कळ जण सुचवतात. तो चांगलाच आहे, स्वतः कमी तापतो, पण जात शंटचीच. कॉइलचे हाल तेच.

बसवण्यात मात्र एक अख्खा रविवार गेला. युनिट जुन्यापेक्षा मोठं, जुन्या होलांना जुळत नाही. सीटखालच्या बंद जागेत ते परत कोंबण्यात अर्थ नव्हता, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापून समोरून वारा लागेल असं बाहेर घेतलं. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर काढला तर आतून करपलेला. तो तसाच ठेवला असता तर नवं युनिटही फुकट गेलं असतं. जाड वायर टाकून प्लस आणि अर्थिंग दोन्ही थेट बॅटरीला नेली, प्लसवर ३० अँपिअरचा फ्यूज. निम्मं काम हे वायरिंगचं आहे, डब्याचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

युनिट बसवण्याआधी कॉइल तपासून घ्या. पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्यांत एसी व्होल्टेज सारखं आलं पाहिजे आणि कुठलीही पिवळी वायर बॉडीला लागलेली नको. सिरीज युनिट वाट तोडतं तेव्हा कॉइलवर भाराशिवायचं पूर्ण व्होल्टेज चढतं, मग इन्सुलेशन आधीच कमजोर असेल तर ते तिथेच दगा देईल.

आता आकडे. आयडलला, लाइट लावून, १३.२. चार हजारला १४.३, आणि घाट चढून गाडी पूर्ण तापल्यावरही १४.२ च्या खाली येत नाही. मला हवं होतं ते एवढंच. उन्हाळ्यात नगर रस्त्यावर भर दुपारी चालवली, पावसाळ्यात वरंधा आणि आंबोलीत धुक्यात फॉग लाइट तासन्‌तास लावून ठेवले, सकाळी बटण दाबलं की सेल्फ पहिल्या दमात. युनिट कोमट लागतं, चटका बसत नाही.

न आवडलेलं म्हणजे आयडलचं चार्जिंग तसूभरही सुधारलेलं नाही. सुधारणार तरी कसं, कमी आरपीएमला कॉइलच कमी देते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये फॉग लाइट मी आजही बंद करतो. मायलेज वाढतं असं सांगणारे आहेत, मला फरक दिसला नाही. किंमत साध्या लोकल युनिटच्या कितीतरी पट, आणि बाजारात नकली माल भरपूर. फारच स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका.

शंभर-दीडशे सीसीच्या रोजच्या गाडीला हा खर्च करू नका, कंपनीचं युनिट आणि एक नवा कपलर पुरे. मोठी गाडी असेल, लांबचं फिरणं असेल आणि कॉइल प्लेट एकदा जळून रिवाइंड झालेली असेल, तर मॉसफेटच्या नादी न लागता सरळ सिरीजच घ्या.