बाजाराच्या दिवशीचा शुगरचा दवाखाना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात कुणाला शुगर निघाली की घरचे थेट नागपूरची बस पकडतात. त्याआधी तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात जा, असं मी अंगणवाडीत येणाऱ्या आयांना सांगते. इथेही तेच लिहिते.

माझे दीर काडीसारखे वाळके. रोवणीच्या दिवसांत पाय बधिर व्हायचे, रात्री सारखं उठावं लागायचं. "मले कायची शुगर वहिनी, आंगावर मासच नाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आधी एका ठिकाणी दाखवलं तर अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं. मॅडमनी मात्र वजन झाल्याबरोबर कमरेला टेप लावला. हातपाय बारीक, पोट पुढे. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80 च्या, असं सांगून रक्त घेतलं. शुगर चांगलीच चढलेली निघाली.

दिरांना पटेना. मग मॅडमनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. 2004 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापलेला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, दोघांचा सारखाच, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. संशोधकानं स्वतःचंच शरीर पुराव्याला उभं केलं! दीर तिथे गप्प झाले आणि गोळ्या सुरू झाल्या.

मी सेविका, म्हणून मला पुढचं जास्त भिडलं. याज्ञिक ऑक्सफर्डहून परतून पुण्याच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले आणि 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आयाबाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंत फार कमी पडली, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणजे दिसायला वाळकं आणि आत चरबी धरणारं शरीर आईच्या पोटातच घडायला लागतं. गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आयांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी12 हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या अंगात शुगर उतरवणारं इन्शुलिन सर्वांत कमी लागू पडत होतं. तीच गावं, तीच मुलं वर्षानुवर्षं न सोडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. काट्यावर बाळ ठेवताना हे आता माझ्या डोक्यात असतं.

मॅडमच्या कामात ही समज दिसते. गरोदर बाईला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, त्यासाठी उपाशी यावं लागत नाही. 140 किंवा वर गेली की लगेच आहार आणि पुढची तारीख. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी12 बघतात, कारण त्या गोळीनं ते उतरू शकतं. चपला काढायला लावून तळव्याला नायलॉनची तार टेकवतात. चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्याला काटा रुतल्याचं कळतं की नाही, हे त्यातून समजतं. आणि तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी लिहिण्याआधी सिकलसेल विचारतात. आमच्याकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि ही तपासणी त्या पेशींना चिकटलेली शुगरच मोजते, म्हणून तो आकडा खोटा कमी येऊ शकतो. हा प्रश्न मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

उणं आहे ते सांगते. आहाराचा छापील कागद बदलायलाच हवा. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या घरात त्या कागदाचं काय करायचं? भात किती कमी करायचा, लाखोरीची डाळ, वालाच्या शेंगा, अंबाडीची भाजी किती वाढायची, हे लिहा. मॅडम तोंडी नीट सांगतात, पण रांग लांब असली की तेवढा वेळ राहत नाही. बायांसाठी संडास नाही. शुगरच्या पेशंटला सारखी लघवी लागते, ही सोय आधी व्हायला हवी होती.

रक्त घेणारा मुलगा दुपारनंतर निघून जातो, म्हणून उपाशीपोटी पहिल्या बसनं निघा, डबा सोबत ठेवा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सिकलसेलचं कार्ड न्या. घरात कुणी वाळकं, पण पोट सुटलेलं असेल, तर त्यालाही सोबत न्या.