होमर ते ॲरिस्टॉटल ऑनलाइन : पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

अभिजात शिक्षणाच्या पद्धतीने होमर, सोफोक्लीस, प्लेटो, ॲरिस्टॉटल वाचून घेणारा एक परदेशी ऑनलाइन कोर्स गेल्या पावसाळ्यात घेतला. नाव लिहीत नाही. असे कोर्स आता बरेच निघालेत आणि साचा साधारण एकच. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. पैसे वसूल झाले का? वाचनाचे झाले, व्हिडिओंचे नाहीत.

व्हिडिओ खुशाल सोडून द्या. पाश्चात्त्य वारशाचं कौतुक ऐकण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात होमरच्या ‘इलियड’चा एक सर्ग वाचून होतो. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची वाट बघत बसलात तर तो येतच नाही. काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी संपतं. घोडा ‘ओडिसी’त, तोही दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. कोल्हापूरकराने मात्र तेविसावा सर्ग चुकवू नये. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस, त्याच्या अंत्यविधीनंतरच्या खेळांत एजॅक्स आणि ओडिसिअसची कुस्ती लागते. कोणीच कोणाला हलेना, तेव्हा ओडिसिअस गुडघ्यामागच्या लवणीत टाच हाणून गड्याला पाठीवर पाडतो. पुढच्या खेपेला दोघेही धुळीत. तिसऱ्यांदा उठतात तोवर अकिलीस मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवतो, बक्षीस दोघांना सारखं. खासबागेत निकाली कुस्तीसाठी आरडाओरडा करणारे आम्ही. राजारामपुरीत आम्ही काही जण हे वाचायला रविवारी जमतो, त्या बैठकीत अकिलीसच्या पंचगिरीवरच निम्मा वेळ गेला.

प्लेटोकडे आलो तर तिथंही तालीमच! ‘लायसिस’ आणि ‘कार्मिडीस’मधली बोलणी तालमीत होतात, अन् त्याची अकादमी भरायची तीही एका व्यायामशाळेच्या आवारात.

कोर्सची खरी किंमत एका नियमात आहे. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं लिहायचं की तो स्वतः म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचं होतं मला.’ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागातला थ्रॅसिमॅकस म्हणतो, न्याय म्हणजे बलवानाचं हित. त्याची बाजू नीट मांडायला बसलो आणि घाम फुटला, कारण ती सहजासहजी पडत नाही. आमच्यातले वकील म्हणाले, “हा गडी हरला नाही, कंटाळून गप्प बसला.” दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला संवादातला दुसरा गडी ग्लॉकनही जवळपास हेच म्हणतो आणि तोच मुद्दा नव्याने लढवतो. कोर्सच्या चाचणीत मात्र ‘सॉक्रेटिसने खंडन केले’ हा पर्याय निवडला तरच गुण! चाचण्यांना बाकी काही अर्थ नाही.

दुसरी तक्रार यादीची. आपल्याकडचं एक पान नाही. ‘न्यायसूत्रां’त, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, चर्चेचे प्रकार सांगितलेत : वादात तत्त्व शोधायचं, जल्पात जिंकायचं, वितंडेत स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं पाडायचं. सॉक्रेटिस यातलं नेमकं काय करतो, हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता जोडून घेतला आणि तेव्हापासून बैठका रंगल्या. एकट्याने हा कोर्स करणार असाल तर घेऊ नका. वाद घालायला माणूस नसेल तर तर्काची पायरी कागदावरच राहते.

पुस्तकांबद्दल : सोबत मिळतं ते प्लेटोचं जोवेटने केलेलं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर, जे नेटवर फुकट आहे. वाक्यं लांबलचक. नवं भाषांतर घ्या, फक्त समासात स्टेफानस क्रमांक आहेत ना ते बघून. प्लेटोच्या १५७८ च्या आवृत्तीतल्या पानांवरून आलेले हे आकडे असले की तिघांच्या हातात तीन भाषांतरं असली तरी जागा लगेच सापडते. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलंय. नाटकांच्या महिन्यात आम्ही तेच वापरलं.

सध्या ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र, ‘निकोमॅकियन एथिक्स’, चालू आहे. गडी अवघड आहे. दहा भागांपैकी मैत्रीवरचे आठवा-नववा आधी उरकले, कोर्सचा क्रम मोडून. वर्ष संपल्यावर वर्गणी पुन्हा भरणार नाही. यादी हातात आहे, नियम पाठ झालाय, आणि रविवारी यायला माणसं आहेत.